गव्हाची अट

रविवार, ७ सप्टेंबर

ही डायरी कंपनीची. दरवर्षी मिळते आणि दरवर्षी मी ती एखाद्या ग्राहकाला ‘खास तुमच्यासाठी ठेवली होती’ म्हणून देऊन टाकतो. यंदा डॉक्टरांनी सांगितलं, मुलीच्या खाण्यापिण्याची रोज नोंद ठेवा, म्हणून एक घरात राहिली. काडीला गहू सोसत नाही हे तीन महिन्यांपूर्वी कळलं. कणभर पोटात गेला तरी लोळायला लागते. आधी तिला आम्ही वेगळ्या नावाने हाक मारायचो. वजन उतरत गेलं तशी मी तिला गमतीने काडी म्हणायला लागलो, आणि आता वजन परत येतंय तरी नाव जात नाही.

नोंद: सकाळी भात, दुपारी भात. पोट ठीक.

आता खरं लिहायचं ते. चर्चमध्ये रविवारची मिस्सा संपल्यावर सिस्टरांनी पहिल्या कम्युनियनच्या, म्हणजे यंदा पहिल्यांदा प्रभुभोजन घेणाऱ्या मुलांच्या आईबापांना थांबवून घेतलं. ९ नोव्हेंबर ठरला. पांढरे कपडे, हातात मेणबत्ती, मुलाच्या एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला वडील. हे सगळं सांगून झाल्यावर त्या सहज म्हणाल्या की ऑस्तीची ती पातळ पांढरी चकती जिभेवर ठेवायची, चावायची नाही. वीस वर्षं विमा विकतोय मी. कुठल्या वाक्यात अट दडली आहे ते मला लगेच ऐकू येतं. मी हात वर करून विचारलं, ऑस्ती कशाची असते? लग्नाला येऊन नवरी कोण असं विचारल्यासारखे सगळे माझ्याकडे बघायला लागले. सिस्टर म्हणाल्या, निव्वळ गहू आणि पाणी.

काडी शेजारीच होती. तिने माझी बाही धरली आणि घरी पोचेपर्यंत सोडली नाही.

मंगळवार, ९ सप्टेंबर

फादरांना भेटलो. त्यांच्या खोलीत एक टेबल, दोन खुर्च्या आणि बंद पडलेली तीन घड्याळं. लोक दुरुस्तीला आणून देतात, कारण फादरांना ती कला येते. एका घड्याळाच्या पोटात चिमटा घालूनच ते माझं ऐकत होते.

म्हटलं, तांदळाची ऑस्ती करा. ते म्हणाले, होत नाही. प्रभूने शेवटच्या जेवणात गव्हाचा पाव हातात घेतला, त्यामुळे चर्चला त्यात बदल करायचा अधिकार नाही. तांदळावर कितीही प्रार्थना म्हटली तरी तो तांदूळच राहणार. मग त्यांनी काहीतरी लहान प्याल्याबद्दल सांगितलं. काडीसाठी वेगळा प्याला भरायचा, त्यात गव्हाचा कण पडू द्यायचा नाही, तिने फक्त द्राक्षारसाचा घोट घ्यायचा. प्रभू पावातही पूर्ण आहे आणि रसातही पूर्ण आहे, वगैरे.

‘वगैरे’ मी लिहिलं, कारण माझं लक्ष उडालं होतं. ग्राहकाला हवी ती पॉलिसी नाकारायची आणि तिच्या जागी छोटी पॉलिसी गळ्यात मारायची, ही युक्ती मी स्वतः शेकडो वेळा केली आहे. दोनपैकी एकच वस्तू देणार आणि वर म्हणणार, लाभ पूर्ण. मी म्हटलं, फादर, माझ्या मुलीला अर्ध्यावर भागवून घ्यायची सवय नाही. त्यांनी चिमटा खाली ठेवला आणि पुन्हा पहिल्यापासून समजावायला सुरुवात केली. मला एका ग्राहकाकडे जायचं होतं, उठलो.

नोंद: भात. पोट ठीक.

रविवार, १४ सप्टेंबर

आज मिस्साला बसल्या बसल्या सगळं डोळ्यांसमोर आलं. कम्युनियनची रांग लागली, मी उठलो. परत येताना बघतो तर आमच्या बाकावर ही आणि काडी बसलेल्या. लोक आतबाहेर करत होते आणि ही नेहमीप्रमाणे गुडघे एका बाजूला वळवून त्यांना वाट देत होती. तिचं बघून काडीनेही आपले काटकुळे गुडघे तसेच वळवले. सगळं चर्च वेदीपाशी जाऊन येतंय आणि माझी पोर बाकावर एकटी.

हे असं आयुष्यभर चालणार? दर रविवारी? मी हे होऊ देणार नाही.

बुधवार, १७ सप्टेंबर

सासूबाई आल्या होत्या. हिचं माहेर मेथडिस्ट, म्हणजे प्रोटेस्टंट, आणि आम्ही कॅथलिक. लग्नाला अकरा वर्षं झाली. ही रविवारी सकाळी आमच्याबरोबर मिस्साला येते आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी संध्याकाळी आपल्या चर्चला जाऊन येते. त्यावरून आमच्यात कधी वाद झाला नाही. मी त्या बाबतीत मोकळ्या मनाचा माणूस आहे.

सासूबाई मात्र संधी सोडत नाहीत. म्हणाल्या, तुमच्याकडे संस्कार सात आणि अडचणी सत्तर. प्रभूने सांगितले दोनच, बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन. बाकीचे पाच कुठून आणलेत? मी म्हटलं, ज्या योजनेत सात लाभ आहेत ती दोन लाभांच्या योजनेपेक्षा वरचढ, हे शेंबडं पोरही सांगेल. त्या म्हणाल्या, सातातला एक तरी पोरीला सुखाने मिळू द्या. याला माझ्याकडे उत्तर होतं, पण त्या वडीलधाऱ्या.

त्या गेल्यावर ही म्हणाली, फादर प्याला देतायत ना, मग झालं की. मी तिला समजावलं की प्रश्न मानाचा आहे. बाकीची मुलं ऑस्ती घेऊन परततील तेव्हा पोरीला कसं वाटेल? ही इस्त्री करत होती. कपड्यावरून नजर न उचलता तिने विचारलं, “बाकावर बसणं इतकं वाईट असतं?”

मी म्हटलं, “ते बसणाऱ्यालाच कळतं. तुला नाही कळायचं.”

 माझ्या शर्टाच्या कॉलरवर इस्त्रीचा पिवळा डाग पडला आहे. इतक्या वर्षांत तिच्या हातून असं पहिल्यांदाच झालं. पोरीची काळजी तिलाही आहे, दाखवत नाही एवढंच.

रविवार, २१ सप्टेंबर

बाजारात फिरल्याशिवाय भाव कळत नाही. माझे एक ग्राहक, हार्डवेअरचं दुकान आहे, ऑर्थोडॉक्स पंथाचे ख्रिस्ती आहेत. त्यांना म्हटलं, तुमच्याकडची पद्धत बघायची आहे. काडीला घेऊन गेलो. ही आली नाही, डोकं दुखतंय म्हणाली, पण मिस्साला मात्र एकटी जाऊन आली.

तिथे सगळे उभे. अडीच तास उभे. माझे पाय गेले, पण काडी डोळे फाडून बघत होती. धूप इतका, की ती सहा वेळा शिंकली आणि खूश झाली. त्यांचा पाव फुगलेला असतो, खमीर घालून केलेला. खमीर म्हणजे जीव, असं ग्राहक म्हणाले. आमच्या चपट्या ऑस्तीबद्दल ते जरा वेडंवाकडं बोलले, पण त्यांची दुकानाची पॉलिसी डिसेंबरात नूतनीकरणाला आहे, सोडून दिलं. पाव रसात भिजवतात आणि चमच्याने भरवतात, तान्ह्या बाळालासुद्धा. बाळाला काय कळतं असं मी विचारलं, तर त्यांचे दाढीवाले पाद्री म्हणाले, तुम्हाला काय कळतं? आम्ही याला गूढ म्हणतो. पावाचं शरीर कसं होतं हे विचारत बसत नाही. होतं, एवढं पुरे.

माहितीपत्रकच नसलेली पॉलिसी. तरी लोक किती विश्वासाने तोंड उघडत होते.

मी मुद्द्यावर आलो. तान्ह्या बाळाला नुसत्या रसाचा थेंब देता, तसा हिला द्याल का? देऊ की, ते म्हणाले, तुम्ही आमचे झाल्यावर. म्हणजे इथेही प्रतीक्षा काळ. निघताना दाराशी पाहुण्यांना आशीर्वाद दिलेल्या पावाचा तुकडा देतात, तो नुसता पाव असतो. काडीच्या हातातला मी झडप घालून काढून घेतला आणि दोन्ही तुकडे मीच खाल्ले. 

नोंद: पोट ठीक.

गुरुवार, २५ सप्टेंबर

मुक्तिफौज हा गोरगरिबांत काम करणारा ख्रिस्ती पंथ, त्यांच्या बँडच्या गाडीचा विमा माझ्याकडे आहे. काडीला शाळेतून आणता आणता तिकडे गेलो, तर त्यांच्या कॅप्टन बाई तुतारी पुसत बसल्या होत्या. त्यांना विचारलं, तुमच्याकडे कम्युनियनला काय वापरतात? म्हणाल्या, काहीच नाही. पाव नाही, प्याला नाही, बाप्तिस्म्याचं पाणीसुद्धा नाही. माणसाचं सगळं जगणंच संस्कार व्हावा, असं आम्ही मानतो. जिथे कुणी भुकेल्याला जेवायला बसवलं, तिथे ते झालंच.

मी म्हटलं, पण कागदावर काही? त्या हसल्या आणि पोरीला विचारलं, जेवलीस का? मागच्या खोलीत रस्त्यावरच्या लोकांसाठी भाताचं मोठं पातेलं उतरवलं होतं. काडी शाळेच्या गणवेशात एका दात पडलेल्या आजोबांशेजारी लांब बाकावर बसली आणि दोनदा घेऊन जेवली. यात गहू आहे का, असं तिला तिथे विचारावंच लागलं नाही. मलाही आग्रह झाला, पण मी कामावर होतो.

बाहेर आल्यावर तिने विचारलं, “बाबा, हेच होतं का ते?”

म्हटलं, नाही गं, हे नुसतं जेवण होतं. तिला पटलेलं दिसलं नाही. हप्ता नाही, अट नाही, पावती नाही. अशा योजनेवर कोण विश्वास ठेवणार?

शनिवार, २७ सप्टेंबर

नोंद: आज पोट ठीक नाही.

सरावाच्या वर्गात सिस्टर मुलांना प्रार्थना न झालेल्या ऑस्ती देतात, जीभ कशी बाहेर काढायची ते शिकवायला. काडीला वगळायचं हे त्यांना माहीत होतं. आज त्यांना कुणीतरी बाहेर बोलावलं आणि एका मोठ्या मुलीने ताटली फिरवली. काडीने घेतली. तासाभरात घरी आली ती वाकूनच. संध्याकाळपर्यंत सहा उलट्या. ही तिचं डोकं मांडीवर घेऊन न्हाणीघरातच बसली होती. मी दारात उभा राहून डॉक्टरांना फोन करत होतो. दुसरं काय करणार होतो?

जरा शांत झाल्यावर मी विचारलं, तुला माहीत होतं ना? म्हणाली, हो. मग का घेतलीस? तिने सांगितलं, सगळ्यांनी तोंड उघडलं होतं.

सिस्टर येऊन रडून गेल्या. फादरही आले आणि बराच वेळ तिच्या पायाशी बसले. जाताना मला म्हणाले, प्याल्याचा विचार करा. मी मान हलवली. माझा विचार झाला होता. आता यांच्या परवानगीची वाट बघायची नाही.

गुरुवार, २ ऑक्टोबर

तांदळाच्या पिठाच्या ऑस्ती करून बघतोय. पातळ पीठ दोन स्टीलच्या झाकणांमध्ये घालून वरून इस्त्री दाबायची. पहिल्या सहा जळाल्या. सातवी झाकणाला चिकटली, ती अजून तिथेच आहे. मग युक्ती साधली. पांढरीशुभ्र, गोल, रुपयाएवढी. ओळीत ठेवली तर फादरांच्या आईनेही ओळखली नसती.

योजना सोपी आहे. त्या दिवशी वेदीमागच्या खोलीत जाऊन माझी ऑस्ती ताटलीत वर ठेवायची. काडी रांगेत पहिली आहे, उंचीप्रमाणे. वरची तिलाच मिळणार. कुणाला काही कळणार नाही, सगळे खूश. आमच्या धंद्यात याला सोयीचा तोडगा म्हणतात.

हिने इस्त्रीच्या तळाला चिकटलेलं पीठ बघितलं, झाकणं बघितली, मग माझ्याकडे बघितलं. म्हणाली, देवाला फसवायला निघालात का? म्हटलं, देवाला नाही, फादरांना. ती म्हणाली, या रविवारी माझ्या चर्चला चला. अकरा वर्षांत तिने पहिल्यांदा बोलावलं, म्हणून हो म्हटलं. शिवाय बाजाराचा तेवढाच एक कोपरा बघायचा राहिला होता.

रविवार, ५ ऑक्टोबर

हिच्या चर्चमध्ये वेदी नाही, टेबल आहे. घरच्यासारखं, पांढरा कपडा घातलेलं. सासूबाईंनी काडीसाठी म्हणून तांदळाचा छोटा पाव भाजून आणला होता आणि पाळकांनी काही न विचारता तो बाकीच्या पावाशेजारी वेगळ्या बशीत ठेवून दिला. द्राक्षांचा रस औषधाच्या पेल्यांएवढ्या पेल्यांत. एवढं सोपं असेल असं वाटलं नव्हतं.

उपासनेआधी मी पाळकांना गाठलं आणि विचारलं की हे खरंच शरीर होतं की नुसती आठवण? माझा मेहुणा तिथे वडीलमंडळात आहे, त्याने डोळे वटारले. पाळक शांतपणे म्हणाले, आठवण तर आहेच, पण नुसती नाही. आमच्या लेखी प्रभू ताटात नसतो, पंगतीत असतो. मी म्हटलं, ताटात काय बदल होतो ते सांगा. ते म्हणाले, ताटात नाही, जेवणाऱ्यात बदल व्हावा अशी अपेक्षा असते. उत्तर गुळगुळीत होतं. विमा चांगला विकला असता त्यांनी.

मग त्यांनी सगळ्यांना बोलावलं, “ज्याचं प्रभूवर प्रेम आहे त्याने यावं.” अट एवढीच. काडीने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवून नको म्हटलं. फादरांनी बजावलं होतं की आपण तिथे घ्यायचं नाही, त्यांचं आणि आपलं त्याबद्दलचं मानणं एक नाही. हात पुढे करून आमेन म्हणायचं तर ते खरं असायला हवं. हे मला पटतं. नियम म्हणजे नियम.

ही उठून गेली. तिला पाठमोरी त्या दिशेने जाताना मी आज पहिल्यांदा पाहिलं. घरी चालते तशी चालत नाही ती तिथे. मान वर असते.

आम्ही दोघं बाकावर बसून राहिलो. पाच-सात मिनिटांचाच प्रकार, पण संपता संपेना. लोक समोरून जात होते, मी गुडघे इकडे वळवत होतो, तिकडे वळवत होतो. कुणी काही म्हणत नव्हतं, उलट बघायचंच टाळत होते, आणि तेच जास्त लागत होतं. एका बाईंनी जाता जाता माझ्या खांद्यावर थोपटलं. मी काय आजारी होतो? हात कुठे ठेवायचे ते कळेना म्हणून गीतांचं पुस्तक उघडलं, तर ते उलटं निघालं. काडी मात्र मजेत बसली होती. तिला गुडघे वळवायची सवय झालीय.

ही परत आली आणि विचारलं, कंटाळलात? म्हटलं, बाक फार कडक आहेत तुमचे. मेहुण्याला सांगायला हवं, गाद्या घाला.

ही हसली. का हसली ते सांगितलं नाही.

सोमवार, १३ ऑक्टोबर

काल फजिती झाली. रंगीत तालीम म्हणून मी मिस्साआधी वेदीमागच्या खोलीत शिरलो आणि माझी एक ऑस्ती ताटलीत वर ठेवली. ती ठेवली तशी निघते की खाली जाते, एवढंच बघायचं होतं. मग वाटलं, आज काडी रांगेत नाही. ही पहिल्या माणसाला गेली तर? आणि पहिला माणूस म्हणजे गायनमंडळाच्या अध्यक्ष बाई. त्यांनी चाळीस वर्षांत एक रविवार चुकवला नाही, आणि माझ्या हातून त्यांना इस्त्रीखालचा तांदूळ मिळणार. मिस्साभर घाम पुसत बसलो. रांग लागली तसा पुढे घुसून बाईंच्या आधी उभा राहिलो. बाई चिडल्या. फादरांनी माझ्या हातावर ठेवली ती ऑस्ती साधी, गव्हाचीच होती.

मग माझी गेली कुठे? बाईंना? गायनमंडळाला? दुपारचं जेवण गेलं नाही. आज सकाळी जाऊन फादरांना सगळं सांगून टाकलं. ते काही बोलायच्या आत, कोपऱ्यात फुलदाण्या धुणाऱ्या मावशी म्हणाल्या, ती जाड चकती होय? मिस्साआधी ताटली लावताना मला दिसली. चहाबरोबर खाल्ली मी. मीठ कमी होतं.

फादर हसतील असं वाटलं होतं. हसले नाहीत. घड्याळ बाजूला सारून म्हणाले, “सगळ्या मुलांना मिळालं आणि तिला मिळालंच नाही, असं झालं असतं. आणि ते फक्त तुम्हाला माहीत असतं.”

मला खुर्चीत बसवेना. पोर जन्मभर मानत राहिली असती की तिला मिळालं, आणि मी तिच्याकडे बघत राहिलो असतो. मग त्यांनी कपाटातून एक लहानसा चांदीचा प्याला काढला. सप्टेंबरातच घासूनपुसून ठेवला होता म्हणाले. एका घोटात पूर्ण प्रभू, अर्धा नाही, कारण त्याचे तुकडे होत नाहीत. मी विचारलं, हे तुम्ही मला आधी का नाही सांगितलं?

“दोनदा सांगितलं.”

शनिवार, ८ नोव्हेंबर

बरेच दिवस लिहिलं नाही. लिहिण्यासारखं नव्हतं, पोटही ठीक होतं. काडीचा पांढरा फ्रॉक शिवून आला. प्याल्याचं ऐकून तिने एवढंच विचारलं की तो प्याला फक्त माझा? हो म्हटल्यावर वर्गातल्या चार मुलींना जळवून आली.

आज तालीम. सिस्टरांनी जागा नेमून दिल्या. काडी मधे, मी उजवीकडे, ही डावीकडे. आधी काडीला प्याला, मग मला ऑस्ती. आईने फक्त हात छातीवर दुमडून उभं राहायचं, फादर आशीर्वाद देतील. सिस्टर जरा अवघडून हे सांगत होत्या, तर काडी म्हणाली, आईला माहितीय. मग शेजारच्या मुलीने तिला विचारलं, तुझी आई का घेत नाही गं?

काडीने सांगितलं, “तिलाही गहू चालत नाही. घरी पाव खाते ती. फक्त इथला गहू तिला चालत नाही.”

कुणी हसलं नाही. ही मेणबत्तीची वात सरळ करत राहिली. मी आमच्या बाकाकडे बघितलं. मागून तिसरा, अकरा वर्षं तोच. तिच्या जागेसमोरच्या फळीवर एक घासलेला पट्टा आहे. गुडघे एका बाजूला वळवले की जिथे टेकतात, तिथे.

तालीम संपल्यावर मी फादरांना एकट्याला गाठलं. म्हटलं, हिच्यासाठी काही करता येईल का? फक्त उद्यापुरतं. लहान प्याला, मोठा प्याला, काहीही.  ते म्हणाले, प्याल्याने सुटणारं काम वेगळं. हे दोन घरांचं भांडण आहे, पाचशे वर्षांचं, आणि ते सोडवायची ताकद माझ्यात नाही. “तिनं विचारलं होतं मला. तुमचं लग्न झालं त्या वर्षी. मला नाही म्हणावं लागलं. त्यानंतर तिनं पुन्हा विचारलं नाही आणि एक रविवार चुकवला नाही.”

मला हे माहीतच नव्हतं. मी घरी येऊन हिला विचारलं, तू मला का नाही सांगितलंस? ती फ्रॉकला इस्त्री करत होती. म्हणाली, तुम्ही रांगेत असता.

रविवार, ९ नोव्हेंबर

नोंद: सकाळी काही नाही, कम्युनियनआधी उपास. नंतर भात, दोनदा. पोट ठीक.

काडी पुढे गेली. फादर वाकले, लहान प्याला तिच्या ओठांना लावला, ती एक घोट प्यायली. तोंड वाकडं केलं, रस आंबट असावा, आणि मोठ्याने आमेन म्हणाली. सगळ्या चर्चला ऐकू गेलं. मला रडू आलं, लपवलं नाही. माझ्या पोरीला पूर्ण मिळालं.

मग फादर माझ्यासमोर आले. हातात ऑस्ती. डावीकडे ही उभी होती, हात छातीवर दुमडून, मान खाली. मी आधीपासून काही ठरवलं नव्हतं, हे इथे लिहून ठेवतो. हात पुढे करायचे होते ते वर गेले आणि छातीवर दुमडले गेले. फादर क्षणभर थांबले. ऑस्ती ताटलीत परत ठेवली आणि आधी हिच्या, मग माझ्या कपाळावर क्रूस काढला. फोटोवाल्याला वाटलं मी चुकलो. त्याने खुणेने सांगितलं, पुन्हा करा.

बाकावर परतलो. हिने माझ्याकडे बघितलंही नाही. ओठ न हलवता म्हणाली, “दोन महिने गाव डोक्यावर घेतलंत आणि स्वतःच उपाशी आलात? माझ्यासाठी असले खेळ नकोत. एकाऐवजी दोघं उपाशी राहिली म्हणून पंगत होत नाही. पुढच्या रविवारी मुकाट्याने जायचं.”

म्हटलं, जाईन. जाणारच आहे, मला त्याची गरज आहे हे मला आज चांगलं कळलं. पण आज बाकीच्यांची रांग संपेपर्यंत आम्ही दोघं शेजारी बसलो. लोक जात होते, येत होते. ती गुडघे भिंतीच्या बाजूला वळवायची, तसे मीही वळवत होतो.

काडी आमच्या दोघांच्या मधे घुसून बसली. मेणबत्ती विझवली, हिच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि डॉक्टर विचारतात तशा काळजीने माझ्या पोटावर हात ठेवून विचारलं, “बाबा, तुम्हालाही इथला गहू चालत नाही?”

“आज नाही चालला,” मी म्हटलं.